फायर अलार्म पॅनेलचा पिवळा दिवा आणि वर्षातून दोनदा होणारी सही

हाँगकाँगच्या ताय पो भागातील वांग फुक कोर्ट या निवासी संकुलाला २६ नोव्हेंबर २०२५ रोजी लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीसाठी उभारलेल्या परांचीवरील जाळ्या आणि खिडक्यांवर बसविलेले फोमचे तक्ते यांमुळे आग एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत कशी पसरली, याची चर्चा जगभर झाली. त्या तुलनेत दुसरी एक बाब मागे पडली. संकुलातील आठही इमारतींमधील धोक्याच्या घंटा नीट काम करीत नव्हत्या, असे तेथील अग्निशमन सेवेच्या प्रमुखांनी नंतर सांगितले. आगीची वार्ता अनेक रहिवाशांना शेजाऱ्याच्या हाकेने किंवा नातलगाच्या फोनने मिळाली. यंत्रणा बसविलेली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

भारतीय वाचकाला यात परके असे काही नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा कक्षात सतरा अर्भके होती. त्यातील सात वाचली, दहा दगावली. धूर प्रथम दिसला तो कर्तव्यावरील परिचारिकेला. भंडाऱ्यानंतर त्याच वर्षी मुंबईत भांडुप, मग विरार आणि अहमदनगर, पुढे मे २०२४ मध्ये राजकोट आणि दिल्लीतील विवेक विहार, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाशी, अशी आगींची मालिका सुरूच राहिली. प्रत्येक दुर्घटनेनंतर अग्निसुरक्षा लेखापरीक्षणाचे आदेश निघतात, अग्निशमन साधने आहेत की नाहीत याच्या याद्या होतात. इमारतीत फायर अलार्म पॅनेल आहे, एवढ्या नोंदीवर त्या यादीतील एक चौकट भरली जाते. ते पॅनेल गेले सहा महिने काय सांगत होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

पॅनेल म्हणजे प्रवेशदालनातील भिंतीवरची लाल किंवा राखाडी पेटी. इमारतीतील सर्व स्मोक डिटेक्टर, उष्णता ओळखणारे डिटेक्टर आणि काच फोडून दाबावयाची लाल बटणे तिच्याशी तारांनी जोडलेली असतात. जुन्या पद्धतीच्या पॅनेलवर केवळ विभाग कळतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर कोठेतरी काहीतरी झाले आहे, एवढेच. गेल्या काही दशकांत रूढ झालेल्या ‘अ‍ॅड्रेसेबल’ प्रकारात प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो आणि पडद्यावर नेमकी खोली उमटते. तारांचे वेटोळे पॅनेलमधून निघून परत पॅनेलमध्येच येत असल्यामुळे मध्ये कोठे तार तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क राहतो. लाल दिवा लागला तर आग, पिवळा लागला तर बिघाड. एखादा भाग मुद्दाम बंद ठेवलेला असेल, तर त्यासाठी वेगळा, बहुधा पिवळाच, दिवा असतो.

आग लागल्यावर पेटीने केवळ भोंगे वाजवावेत, अशी अपेक्षा नसते. लिफ्ट तळमजल्यावर आणून दारे उघडणे, वातानुकूलनाचे पंखे बंद करून धूर इतर मजल्यांवर जाऊ न देणे, जिन्यात दाबाने हवा सोडणारे पंखे सुरू करणे, कार्डाने उघडणाऱ्या दारांचे कुलूप सोडणे, ही कामेही तिच्या आज्ञेने व्हावयाची असतात. व्यवहारात पहिला घाव याच जोडण्यांवर पडतो. खोट्या इशाऱ्यांमुळे लिफ्ट वारंवार खाली येऊ लागली की रहिवासी तक्रार करतात, तंत्रज्ञ येतो आणि लिफ्टकडे जाणारी तार काढून ठेवतो. त्या तारेवर पॅनेलची देखरेख नसेल, तर पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसते. भोंगा वाजतो, लिफ्ट मात्र आपल्या मार्गाने धुराने भरलेल्या मजल्यापर्यंत जाते.

यंत्रणेची खरी कसोटी पिवळ्या दिव्याशी लागते. लाल दिव्याकडे निदान कोणी तरी धावतो. पिवळा दिवा लागताच पेटीतून बारीक, चिडचिडा आवाज येऊ लागतो. तो बंद करण्याचे बटण हाताशीच असते आणि ते दाबले की रात्र शांत होते. दिवा मात्र तसाच राहतो. त्याची कारणे अगदी साधी असतात. एखाद्या कार्यालयाने छताचे काम काढले आणि कारागिराने डिटेक्टर उतरवून बाजूला ठेवला. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, एखाद्या जोडपेटीत ओल शिरली आणि तार जमिनीशी जोडली गेली. बॅटरी थकली. यातील एकेक बिघाड तासाभरात दुरुस्त होण्याजोगा आहे. परंतु पिवळा दिवा आठवडाभर तसाच राहिला की तो भिंतीचा भाग होऊन जातो आणि त्याच दिव्याआड दुसरा, तिसरा, दहावा बिघाड येऊन बसला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पडद्यावर बिघाडांची संख्या वाढत असते, पण दिवा एकच.

बॅटरीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण फसगत बहुधा तेथेच होते. पेटीच्या तळाशी बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. वीज गेल्यावर त्यांनी साधारणपणे चोवीस तास यंत्रणा जागी ठेवावी आणि त्यानंतरही अर्धा तास भोंगे वाजविण्याइतकी शक्ती शिल्लक राहावी, असा हिशेब धरलेला असतो. तीन-चार वर्षांत त्यांची क्षमता ओसरते. तपासनीस मीटर लावून पाहतो, तेव्हा काटा सत्तावीस व्होल्ट दाखवितो. पण तो आकडा चार्जरचा असतो. मुख्य वीजपुरवठा बंद करून, भोंग्यांचा भार टाकल्याखेरीज बॅटरीचे खरे बळ कळत नाही. विजेच्या बिघाडातून लागलेल्या आगीत पुरवठा सुरुवातीलाच खंडित होण्याची शक्यता मोठी असते, हे लक्षात घेतले तर या चाचणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वार्षिक देखभाल करारात मात्र ‘बॅटरी तपासली’ एवढाच शेरा पुरतो.

बंद ठेवलेल्या विभागांचेही असेच. आतील सजावटीचे काम चालू असताना धुळीने खोटा इशारा होऊ नये म्हणून तो विभाग पॅनेलवरून बाजूला काढणे, किंवा डिटेक्टरवर प्लॅस्टिकची टोपी घालणे योग्यच आहे. टोपी नसेल तेथे पिशवी रबरबँडने बांधलेलीही दिसते. काम संपते, कारागीर जातात, पिशवी राहते. ज्याने विभाग बंद केला तो दुसऱ्या पाळीचा होता आणि त्याने तसे लिहून ठेवलेले नसते.

यंत्र आपले काम चोख करीत असतानाही माणसांची बाजू लंगडी पडली तर काय होते, याचे बोधक उदाहरण अमेरिकेतील आहे. लॉस एंजेलिस येथील फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत ४ मे १९८८ च्या रात्री बाराव्या मजल्यावर आग लागली. इमारतीत त्या वेळी पाण्याचे फवारे बसविण्याचे काम चालू होते. साडेदहाच्या सुमारास पहिले इशारे आले. तळमजल्यावरील सुरक्षा कर्मचाऱ्यांनी ते शांत केले आणि यंत्रणा पुन्हा पूर्वस्थितीत आणली. इशारे परत आले, ते पुन्हा पुसले गेले. देखभाल विभागातील एका कर्मचाऱ्याला पाहणीसाठी लिफ्टने वर पाठविण्यात आले. लिफ्टचे दार थेट आगीच्या मजल्यावर उघडले आणि तो मृत्युमुखी पडला. अग्निशमन दलाला दहा वाजून सदतीस मिनिटांनी जी पहिली खबर मिळाली, ती इमारतीबाहेरील व्यक्तीकडून. आगीने पुढे सोळाव्या मजल्यापर्यंतचा भाग व्यापला. पॅनेलने सात मिनिटे आपले म्हणणे मांडले होते.

मुंबईतही याची आठवण करून देणारी एक घटना घडली आहे. करी रोड येथील साठ मजली अविघ्न पार्क इमारतीत २२ ऑक्टोबर २०२१ रोजी एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. त्या आगीतील एकमेव मृत्यू सुरक्षारक्षकाचा होता. त्या मजल्यावर अडकलेला हा तीस वर्षांचा रक्षक सुटकेसाठी बाहेर लोंबकळताना खाली पडला. इशारा मिळाल्यावर वर जाऊन पाहणारा माणूस बहुतेक इमारतींमध्ये सर्वांत कमी पगाराचा असतो. जिन्याने जायचे, आगीच्या मजल्याच्या दोन मजले खाली थांबायचे, दाराला हाताची मागची बाजू लावून उष्णता पाहायची, एकट्याने जायचे नाही, हे त्याला कोणी शिकविले असेल, असे गृहीत धरता येत नाही.

पॅनेलवरची बटणे मोजकीच असतात, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले बटण इशारा मिळाल्याची पोच देते. ‘सायलेन्स’ भोंगे थांबविते, मात्र आगीची नोंद पडद्यावर कायम ठेवते. ‘रीसेट’ पडदा पुसून टाकते आणि यंत्रणा नव्याने पहाऱ्याला बसविते. जागेवर जाऊन कोणी डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय रीसेट दाबावयाचे नाही, हा या सगळ्या व्यवहारातील मूळ नियम. रात्री दोन वाजता भोंगा वाजला, वरून चार फ्लॅटधारकांचे संतप्त फोन आले, की रक्षकाचा हात नेमका याच बटणाकडे जातो. डिटेक्टरपाशी धूर असेल तर इशारा काही क्षणांत परत येतो. तोपर्यंत कोणता डिटेक्टर प्रथम बोलला, ही सर्वांत मोलाची माहिती पडद्यावरून गेलेली असते. त्याला दोष देणे सोपे आहे. आदल्या महिन्यात अगरबत्तीच्या, फोडणीच्या किंवा डिटेक्टरमध्ये शिरलेल्या किड्याच्या निमित्ताने वाजलेल्या भोंग्याबद्दल त्याने बोलणी खाल्लेली असतात. खोटे इशारे कमी करण्याचा उपाय डिटेक्टर साफ करणे, त्याची जागा बदलणे, स्वयंपाकघरापाशी धुराऐवजी उष्णतेचा डिटेक्टर बसविणे हा आहे, आणि तो रक्षकाच्या अखत्यारीत नाही.

जाता जाता भाषेचाही उल्लेख करावासा वाटतो. बहुतेक पॅनेलांचा पडदा इंग्रजीत बोलतो आणि तोही सांकेतिक इंग्रजीत : वेटोळे दोन, क्रमांक सत्तेचाळीस. ती पेटी सांभाळणारा माणूस मराठवाड्यातून, पूर्व उत्तर प्रदेशातून किंवा झारखंडमधून आलेला असतो. क्रमांक सत्तेचाळीस म्हणजे कोणता जिना, कोणते दार, हे त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेला तक्ता पॅनेलशेजारी लावण्यास फार खर्च येत नाही. तरीही असा तक्ता शोधावाच लागतो. खासगी सुरक्षा अभिकरणांसाठीच्या २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत रक्षकाला शंभर तासांचे वर्गप्रशिक्षण आणि साठ तासांचे क्षेत्रप्रशिक्षण देण्याची तरतूद होती आणि त्यात अग्निशमनाचाही विषय होता. पण ज्या इमारतीत तो उद्या रात्री बसणार आहे, तेथील पॅनेल त्याला दाखविण्याची जबाबदारी इमारतीच्या व्यवस्थापनावरच येते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी रक्षक बदलतात.

आता कायद्याकडे वळू. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आगीचा शोध घेणारी यंत्रणा कोणत्या इमारतीत असावी, हे सांगितले आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २१८९ या मानकात ती कशी बसवावी आणि तिची देखभाल कशी करावी, हे दैनंदिन पाहणीपासून वार्षिक चाचणीपर्यंत दिले आहे. म्हणजे काय करावे, याबाबत देशात ज्ञानाची उणीव नाही. मात्र संहिता स्वतः बंधनकारक नाही. राज्याचा कायदा किंवा स्थानिक नियमावली तिला बळ देते. अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये आहे, त्यामुळे राज्याराज्यांत व्यवस्था निराळी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. दिल्लीत अग्निसुरक्षा प्रमाणपत्राची मुदत हॉटेलांखेरीज निवासी इमारतींना पाच वर्षे आणि अनिवासी इमारतींना तीन वर्षे आहे. मधल्या काळात मालकाचे वार्षिक घोषणापत्र. या दोहोंत महाराष्ट्राची तरतूद निःसंशय कडक आहे. तरीही तिच्या रचनेत एक उणीव राहते. प्रमाणपत्र देणारी संस्था बहुधा तीच असते जिच्याकडे देखभालीचा करार आहे, आणि तिचे देयक ज्याची तपासणी करावयाची तोच भरतो. तपासणीच्या दिवशी पॅनेल निरोगी होते, एवढेच ते प्रमाणपत्र सांगू शकते. उरलेल्या सुमारे एकशे ऐंशी रात्रींविषयी ते मौन पाळते.

त्या रात्रींची साक्ष मात्र उपलब्ध आहे, आणि ती त्याच पेटीत आहे. अ‍ॅड्रेसेबल पॅनेल प्रत्येक घटना दिनांक-वेळेसह आपल्या स्मृतीत साठविते : कोणता डिटेक्टर बोलला, भोंगा किती वाजता थांबविला, रीसेट किती वेळा दाबले, कोणता विभाग कधी बंद केला आणि तो पुन्हा कधी सुरू झाला, किंवा झालाच नाही. अशा शेकडो, मोठ्या पॅनेलांत हजारो नोंदी राहतात आणि त्या छापून घेता येतात. अविरत लिहिली जाणारी ही डायरी दुर्घटनेनंतर चौकशी अधिकारी वाचतात. दुर्घटनेपूर्वी ती वाचण्याचे बंधन कोणावरही नाही. सहामाही प्रमाणपत्रासोबत या नोंदींचा मागील सहा महिन्यांचा उतारा जोडणे सक्तीचे केले, तर तपासणीचे स्वरूप पालटेल. चाळीस दिवस पेटलेला पिवळा दिवा सहीने झाकता येणार नाही. या बदलासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. नमुन्यात एका ओळीची भर आणि तो उतारा वाचू शकणारे अधिकारी लागतात.

या सूचनेवर आक्षेप घेता येतील. जुन्या पद्धतीच्या पॅनेलांना अशी स्मृती नसते. तेथे हाताने लिहिलेल्या नोंदवहीवरच भिस्त ठेवावी लागेल, आणि ती एका बैठकीत सहा महिन्यांची कशी भरली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. अनेक पॅनेलांचे घड्याळच चुकलेले असते. वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्यानंतर ते पुन्हा लावण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात, त्यामुळे नोंदी भलत्याच वर्षाच्या दिसतात. (घड्याळ चुकीचे असणे हीदेखील एक नोंदच म्हणावी लागेल.) तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उतारा सादर केला की तो गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाविरुद्ध पुरावा ठरेल, या भीतीने यंत्रणाच बंद ठेवण्याकडे कल वाढू शकतो. म्हणून बिघाड होणे आणि बिघाड ठरावीक मुदतीत दुरुस्त न करणे, यांत कायद्याने भेद करावा लागेल. पहिल्याला शिक्षा नको, दुसऱ्याला हवी. वेतन न घेता संस्थेचा कारभार पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थाला आणि खाटांचे शुल्क आकारणाऱ्या रुग्णालयाच्या संचालकाला एकच मोजपट्टी लावणेही न्याय्य ठरणार नाही.

केंद्राने या क्षेत्रात काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांसाठी अग्निशमन व आपत्कालीन सेवांचे आदर्श विधेयक पाठविले. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. राजकोटमधील कोविड रुग्णालयाच्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी कोविड रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा लेखापरीक्षणाचे आणि प्रत्येक अशा रुग्णालयात जबाबदार अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. भंडाऱ्याची आग त्यानंतर तीन आठवड्यांनी लागली. तो कक्ष कोविडचा नव्हता. योजनेतील पैसा केंद्रे, वाहने आणि प्रशिक्षण यांवर खर्च होणे रास्तच आहे, परंतु बंब दारात येण्यापूर्वीची दहा मिनिटे इमारतीची स्वतःची असतात आणि त्या दहा मिनिटांत यंत्रणेचा शब्द कोणापर्यंत पोहोचतो, यावर सारे अवलंबून राहते.

पॅनेल थेट अग्निशमन केंद्राशी जोडावे, असाही एक उपाय सुचविला जातो. मोठ्या रुग्णालयांपुरता तो विचारात घेण्याजोगा आहे. सरसकट लागू केल्यास मात्र आजचे खोटे इशारे केंद्रांत जाऊन धडकतील आणि सुरक्षारक्षकाला जडलेली सवय नियंत्रण कक्षालाही जडेल. आधी डिटेक्टर स्वच्छ, मग जोडणी, असा क्रम ठेवावा लागेल.

कायद्यात बदल होईल तेव्हा होईल. पुढील सहामाही तपासणीच्या वेळी संस्थेच्या सचिवाला किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला तंत्रज्ञाकडे काही गोष्टी मागता येतील. मुख्य वीजपुरवठा बंद करून आपल्यासमोर भोंगे वाजवून दाखवावेत. बंद ठेवलेल्या सर्व विभागांची यादी पडद्यावरून वाचून दाखवावी. एका मजल्यावरचा डिटेक्टर चाचणीच्या फवाऱ्याने जागा करून लिफ्ट खरोखर खाली येते का, हे पाहावे, आणि ही चाचणी रात्रपाळीचा रक्षक हजर असताना व्हावी. शेवटी मागील सहा महिन्यांच्या नोंदींचा उतारा मागावा. परवानगीचा सांकेतिक शब्द माहीत असलेल्या तंत्रज्ञाला या सगळ्यासाठी अर्धा दिवस पुरतो. तो शब्द आपल्याकडे नाही, आधीच्या ठेकेदाराकडे राहिला, असे उत्तर मिळाले, तर त्या पॅनेलचा कारभार आजवर कोणाच्या हाती होता, याचाही उलगडा होतो.